दिसलेली गाठ, निसटलेली गाठ: छातीच्या सीटीत अचानक सापडलेल्या थायरॉईडच्या गाठीचं एक प्रकरण

"थायरॉईडच्या उजव्या लोबमध्ये २२ मिमीची, कडेला कॅल्शियम असलेली गाठ. कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही."

हे वाक्य माझं आहे. तपासणी छातीची होती, प्रश्न खोकल्याचा होता, आणि थायरॉईड, म्हणजे गळ्यातली दोन भागांची (लोबांची) ग्रंथी, केवळ वरच्या काही कापांत, म्हणजे सीटीच्या आडव्या प्रतिमांत, आलं म्हणून दिसलं. रिपोर्टच्या शेवटी ही दोन वाक्यं लिहून मी पुढच्या रुग्णाकडे वळले. तीन दिवसांनी त्या बाई समोर येऊन बसल्या. हातात रिपोर्टची छापील प्रत, आणि "कर्करोगाची" या शब्दाखाली निळ्या पेनाने दोनदा मारलेली रेघ. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, नाकारता येत नाही म्हणजे आहे का?"

मी रेडिओलॉजिस्ट आहे. रोज असे रिपोर्ट लिहिते. त्या प्रश्नाला खरं उत्तर एवढंच होतं, की सीटीवरून मला ते कळत नाही आणि कोणालाच कळणार नाही. पण माझ्या वाक्यातून त्यांना ऐकू आलं होतं ते वेगळंच. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तो प्रश्न, आणि त्यानंतर जे उघड झालं ते. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

सुरुवात

वय ४६. तीन महिन्यांपासून कोरडा खोकला. ताप नाही, वजन घटलेलं नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. खोकला जात नाही म्हणून फिजिशियनांनी कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रतिमा उजळ करणारं आयोडीनचं औषध शिरेतून देऊन छातीचा सीटी सांगितला. फुप्फुसं निर्दोष निघाली. गळ्याला सूज जाणवत नव्हती, आवाज बसलेला नव्हता, गिळायला त्रास नव्हता. लहानपणी गळ्यावर किरणोपचार झालेले नव्हते आणि घरात कोणाला थायरॉईडचा कर्करोग नव्हता. रक्तदाबाची एक गोळी चालू होती. तिच्याकडे पुन्हा येऊ.

रिपोर्ट वाचून फिजिशियनांनी सुचवलं होतं की आता गळ्याचा वेगळा सीटी करू, म्हणजे कर्करोग आहे की नाही याचा निकाल लागेल. सूचना मनापासूनची होती आणि ऐकायला तर्काला धरूनही वाटते: ज्या यंत्राने गाठ दाखवली, त्याच यंत्राने जवळून पाहिलं की ती ओळखता येईल. हाच समज मला खोडायचा होता, पण तो पक्का करायला माझंच वाक्य कारणीभूत होतं.

सीटीला काय कळतं, काय कळत नाही

थायरॉईड सीटीत चटकन नजरेत भरतं. ही ग्रंथी आयोडीन साठवते, आयोडीन एक्स-रे अडवतं, म्हणून कॉन्ट्रास्ट न देताही ती शेजारच्या स्नायूंपेक्षा पांढरी दिसते. सीटीतला उजळपणा हाउन्सफील्ड एककांत मोजतात: स्नायू साधारण ५०-६० वर असतो, निरोगी थायरॉईड बहुतेकदा ८० च्या वर. ज्या भागात आयोडीन कमी साठतं तो भाग काळसर दिसतो आणि त्याला आपण गाठ म्हणतो. अडचण इथेच आहे. साधी वाढलेली गाठ आयोडीन कमी साठवते आणि कर्करोगाची गाठही कमीच साठवते. कॉन्ट्रास्ट दिल्यावर दोघी कमी-जास्त उजळतात. गाठ किती काळी आहे, किती उजळली, कड किती रेखीव आहे, यांतल्या कशावरूनही एका गाठीबद्दल भरवशाने बोलता येत नाही.

कॅल्शियमचंही तसंच. पॅपिलरी या थायरॉईडच्या सर्वांत नेहमीच्या कर्करोगात जे कण खरोखर बोलके असतात ते मायक्रॉनमध्ये मोजायचे. छातीच्या सीटीत एक चित्रबिंदू साधारण ०.७ मिमीचा असतो आणि काप सहसा १ ते ५ मिमी जाडीचा. एवढ्या जाडीत ते कण विरून जातात. जे ठसठशीत पांढरं दिसतं ते मोठं कॅल्शियम, आणि जुन्या, कधीतरी आत रक्त साकळलेल्या निरुपद्रवी गाठींतही ते सर्रास असतं. माझ्या रिपोर्टमधलं "कडेला कॅल्शियम" वाचायला गंभीर वाटतं. निदानाच्या दृष्टीने त्याचं वजन फार कमी आहे.

गळ्यावर ठेवायचा सोनोग्राफीचा प्रोब मात्र त्वचेपासून एक-दोन सेंटीमीटरवर असलेली ही ग्रंथी मिलिमीटरच्या अंशापर्यंत उलगडून दाखवतो. आतली जाळी, द्रव, कडेचा खडबडीतपणा, ठिपके, सगळं. म्हणून सीटीत अचानक दिसलेल्या गाठीचा पुढचा टप्पा दुसरा सीटी नसतो. सोनोग्राफी लागते का, एवढाच प्रश्न असतो.

मग सीटीला या विषयात आवाजच नाही का? आहे, दोन जागी. गाठीने थायरॉईडची वेस ओलांडून श्वासनलिकेत, अन्ननलिकेत किंवा स्नायूत शिरकाव केला असेल तर ते सीटीत दिसतं. आणि शेजारचे लिम्फ नोड, म्हणजे कर्करोग बहुधा आधी जिथे पसरतो त्या लहान ग्रंथी, बिघडलेले असतील, म्हणजे त्यांत कॅल्शियमचा ठिपका, द्रवाचा खळगा किंवा शेजारच्या नोडपेक्षा जास्त उजळणारा भाग असेल, तर तेही दिसतं. गाठ स्वतःबद्दल सीटीत गप्प असते, तिच्या शेजाऱ्यांबद्दल सीटी बोलतो. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. तरीही माझ्या रिपोर्टमध्ये गाठीबद्दल दोन वाक्यं होती आणि नोडबद्दल एकही नव्हतं.

आकाराचा नियम कशासाठी

अशा गाठी इतक्या सापडतात की प्रत्येकीच्या मागे धावणं शक्य नाही आणि योग्यही नाही. कॉन्ट्रास्ट दिलेल्या छातीच्या सीटीत चार जणांपैकी एकापर्यंत माणसांत थायरॉईडची गाठ दिसू शकते. सोनोग्राफी सरसकट केली तर त्याहून जास्त. तपासलेल्या गाठींपैकी कर्करोगाच्या निघतात त्या साधारण ७ ते १५ टक्के, आणि त्यांतल्याही बहुतेक संथ चालीच्या पॅपिलरी प्रकारातल्या.

म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१५ मध्ये अशा अचानक सापडलेल्या गाठींसाठी एक वाट आखून दिली. सीटीत नोड संशयास्पद असतील किंवा गाठ बाहेर शिरली असेल, तर आकार न पाहता सोनोग्राफी. तसं काही नसेल आणि माणूस ३५ च्या आतला असेल, तर १ सेंटीमीटरपासून सोनोग्राफी. ३५ किंवा त्याहून मोठं वय असेल तर १.५ सेंटीमीटरपासून. त्याखाली काही करायचं नाही. ज्यांचं आयुष्य दुसऱ्या गंभीर आजाराने आधीच आखडलेलं आहे, त्यांच्या गाठीच्या मागे सहसा लागायचं नाही. पेट स्कॅनमध्ये थायरॉईडचा एकच ठिपका पेटला असेल तर हिशेब निराळा, कारण तशा गाठींपैकी साधारण ३५ टक्के कर्करोगाच्या निघतात.

या नियमाने वागलं तर काही छोटे कर्करोग निसटणार, हे उघड आहे. ते निसटू देणं परवडतं, असा त्यामागचा विचार आहे. वाचायला हे कठोर वाटेल. त्याचं कारण पुढे येतं.

आमच्या रुग्णाला हा नियम लावला तर वय ४६, गाठ २२ मिमी, म्हणजे सोनोग्राफी हवी. गळ्याचा सीटी नको. सोबत रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन. टीएसएच आधी पाहायचं कारण असं की ते खाली असेल तर गाठ स्वतःच हार्मोन तयार करत असण्याची शक्यता असते, आणि अशा तापट गाठीत कर्करोग क्वचितच निघतो. तेव्हा गाठ किती आयोडीन ओढते हे दाखवणारा आयोडीनचा स्कॅन लागतो. पण आम्ही नुकताच कॉन्ट्रास्ट दिला होता. ८० मिली कॉन्ट्रास्टमध्ये २४ ग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं, आणि शरीराची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. त्यातलं बहुतेक रेणूत घट्ट बांधलेलं असलं, तरी जे थोडं सुटं असतं तेही ग्रंथीची भूक मारायला पुरेसं असतं. मग चार ते आठ आठवडे स्कॅनला अर्थ राहत नाही. फिजिशियनांच्या सूचनेप्रमाणे दुसरा सीटी लगेच झाला असता, तर हाती काही न लागता ही मुदत आणखी पुढे गेली असती.

टीएसएच १.९ आलं. सामान्य मर्यादेत.

सोनोग्राफी

ती मीच केली. आधी उजवी बाजू, कारण त्यांची भीती तिथे होती. २२ मिमीची गाठ, अर्धी द्रवाने भरलेली, उरलेली आजूबाजूच्या ग्रंथीइतकीच उजळ, कड गुळगुळीत, एका बाजूला मोठं कॅल्शियम. टायरॅड्स या गुणपद्धतीत अशा प्रत्येक लक्षणाला गुण असतात: द्रव आणि भरीव मिश्रण १, सारखा उजळपणा १, मोठं कॅल्शियम १. एकूण तीन, म्हणजे तिसरी पायरी. या पायरीवर सुई, म्हणजे सुईने पेशी काढून करायची तपासणी, २५ मिमीपासून. आमच्या गाठीला सुईचीही गरज नव्हती, अधूनमधून पाहत राहिलं की झालं. मी तसं त्यांना टेबलावरच सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि इतका वेळ मुठीत धरलेली चादर सोडली.

मग प्रोब डावीकडे नेला.

डाव्या लोबच्या खालच्या टोकाला १२ मिमीची गाठ होती. पूर्ण भरीव, शेजारच्या ऊतीपेक्षा काळी, कड दातेरी, आणि आत साखर सांडावी तसे बारीक चमकते ठिपके, ज्यांच्या मागे सावली पडत नव्हती. भरीव २, काळसर २, दातेरी कड २, ठिपके ३. एकूण नऊ. पाचवी, म्हणजे सर्वांत वरची पायरी, जिथे १० मिमीपासून सुई घालायची. प्रोब थोडा बाहेर सरकवला तर मोठ्या शिरेच्या कडेला ९ मिमीचा गोल नोड. निरोगी नोड घेवड्याच्या दाण्यासारखा लांबट असतो आणि त्याच्या मध्यात चरबीची उजळ रेघ असते. इथे ती रेघ नव्हती, उलट दोन ठिपके होते.

नुकताच ज्या बाईला मी धीर दिला होता, तिच्याशी आता मला तोंड उघडून बोलायचं होतं. मी म्हटलं, "डावीकडे एक दुसरी, लहान गाठ आहे. तिचं मला बरं वाटत नाही. तिच्यातून आणि शेजारच्या एका नोडमधून सुईने पेशी घ्यायला हव्यात." त्या उठून बसल्या. "पण सीटीत तर उजवीकडे होती ना?"

जुना सीटी पुन्हा उघडला

संध्याकाळी मी तो सीटी परत काढला. पहिल्यांदा पाच मिमीचे काप पाहिले होते, आता एक मिमीचे पाहिले.

डावा लोब जवळजवळ वाचता येत नव्हता. कॉन्ट्रास्टची सुई डाव्या हाताला लावलेली होती. औषध न मिसळता, दाट स्वरूपात, डाव्या काखेतून छातीकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत भरलेलं होतं, आणि तिथून काळ्या-पांढऱ्या रेघांचा पंखा थायरॉईडच्या खालच्या डाव्या भागावर पसरला होता. त्यात खांद्यांच्या हाडांच्या रेघा मिसळलेल्या. १२ मिमीची गाठ त्या रेघांखाली होती. जागा माहीत असूनही ती मला नक्की दाखवता येत नव्हती. तिच्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. दोष आहे तो याचा, की "डावा लोब नीट दिसत नाही" असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. जे वाचता आलं नाही त्याबद्दल मी गप्प राहिले, आणि वाचणाऱ्याने त्या गप्प राहण्याचा अर्थ "डावीकडे काही नाही" असा घेतला.

नोडची गोष्ट निराळी. वरून सातव्या प्रतिमेत, रेघांच्या थोडा वर, गळ्याच्या डाव्या मोठ्या शिरेला चिकटून एक उजळ गोल ठिपका होता. पाच मिमीच्या कापात तो शिरेच्या एखाद्या फांदीसारखा दिसत होता. एक मिमीच्या कापांतून वर-खाली सरकलं की कळत होतं, की फांदी पुढे कुठे जात नाही. ती दोन्हीकडे संपते, म्हणजे ती शीर नाही. आणि हाडांसाठी ठेवतो ती खिडकी, म्हणजे प्रतिमेच्या उजळपणाची मांडणी, लावली की तिच्यात कॅल्शियमचा एक कण स्पष्ट होता.

जे सीटी सांगू शकत नव्हता ते मी लिहिलं होतं. जे सांगू शकत होता, आणि सांगतही होता, ते माझ्या नजरेतून निसटलं होतं.

मी पुरवणी रिपोर्ट लिहिला, तारीख घातली, फिजिशियनांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सुईच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा आधी पडद्यावर सातवी प्रतिमा दाखवली आणि सांगितलं की ही पहिल्या दिवसापासून इथे होती.

"म्हणजे तुम्हाला तेव्हा दिसली नव्हती?"

"डोळ्यांसमोरून गेली होती. मी ती शीर समजले."

त्या बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता सापडली ना. करा तपासणी."

इथे एक गोष्ट सरळ मांडायला हवी. उजवीकडची निरुपद्रवी गाठ २२ मिमीची नसती, समजा १० मिमीची असती, तर नियमाप्रमाणे मी सोनोग्राफी सांगितलीच नसती. नियमाची पहिली अटच नोड पाहा अशी आहे, आणि नोड मी पाहिला नव्हता. चुकीच्या गाठीने आम्हाला योग्य जागी नेलं. या योगायोगाला पद्धतीचं यश म्हणता येणार नाही.

सुई आणि निदान

२५ गेजची बारीक सुई, सोनोग्राफीच्या नजरेखाली. डाव्या गाठीतून तीन वेळा, नोडमधून दोन वेळा. नोडमधली सुई नंतर एक मिली सलाईनमध्ये धुऊन त्या पाण्यातलं थायरोग्लोब्युलिन मोजायला पाठवलं. हे प्रथिन फक्त थायरॉईडच्या पेशी बनवतात. लिम्फ नोडमध्ये ते भरपूर निघालं तर त्या पेशी तिथे जाऊन बसल्या आहेत असा अर्थ होतो.

काचेवर पुरेशा पेशी होत्या. नमुना पुरेसा मानायला किमान दहा-दहा पेशींचे सहा पुंजके लागतात, इथे त्याहून कितीतरी जास्त होते. पेशींची केंद्रकं फिकट, एकमेकांवर चढलेली, कॉफीच्या बीसारखी मधोमध खाच असलेली. पॅथॉलॉजिस्टने मला सूक्ष्मदर्शकाखाली त्या खाचा दाखवल्या. सुईच्या नमुन्यांचे सहा वर्ग करणाऱ्या बेथेस्डा पद्धतीत सहावा वर्ग, पॅपिलरी कर्करोग. या वर्गातले सरासरी ९७ टक्के नमुने शस्त्रक्रियेनंतर कर्करोगाचेच ठरतात. नोडच्या धुवणातलं थायरोग्लोब्युलिनही खूप वाढलेलं आलं.

सुईलाही मर्यादा आहेत. फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीत पेशी पाहून कर्करोग ठरत नाही, कारण तिथे गाठीने आपलं आवरण फोडलं आहे का हे पाहावं लागतं आणि सुई आवरण आणत नाही. इथे तो पेच आला नाही.

आता सीटीची खरी वेळ

निदान झाल्यावर सर्जननी गळ्याचा कॉन्ट्रास्ट सीटी मागितला, आणि यावेळी मी लगेच होकार दिला. प्रश्न बदलला होता. कर्करोग आहे का, हे आता विचारायचं नव्हतं. तो कुठवर गेला आहे, हे विचारायचं होतं. सोनोग्राफीला श्वासनलिकेतल्या हवेमागचं आणि छातीच्या हाडामागचं दिसत नाही, घशामागच्या खोल भागातलंही नाही. सीटीला दिसतं. कॉन्ट्रास्टमुळे पुढचा रेडिओ आयोडीनचा उपचार, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या थायरॉईड पेशी मारणारं किरणोत्सर्गी आयोडीन, लांबेल ही भीती अनेक जण बाळगतात. पण शस्त्रक्रिया, जखम भरणं, तयारी यांत तेवढे आठवडे जातातच, आणि शंका असेल तर लघवीतलं आयोडीन मोजता येतं.

यावेळी सुई उजव्या हाताला लावली. हात अंगालगत, खांदे जितके खाली ओढता येतील तितके खाली, काप एक मिमीचे. डावा लोब स्वच्छ दिसला. गाठ श्वासनलिकेपासून वेगळी होती, अन्ननलिकाही मोकळी. आणि श्वासनलिकेच्या डाव्या कडेला, थोडा मागे, ६ मिमीचा आणखी एक उजळ नोड सापडला, जो सोनोग्राफीत हवेच्या सावलीत लपला होता. सर्जननी त्यानुसार शस्त्रक्रियेची आखणी बदलली.

पूर्ण थायरॉईड काढलं, मधल्या आणि डाव्या बाजूच्या नोडसह. पॅथॉलॉजीच्या अहवालात डावीकडे १३ मिमीचा पॅपिलरी कर्करोग, तपासलेल्या १७ नोडपैकी तिघांत पसरलेला. श्वासनलिकेजवळचा तो नोड त्या तिघांतला एक होता. उजवीकडची २२ मिमीची गाठ निरुपद्रवी वाढीची. नोडमध्ये पसरूनही टप्पा पहिलाच, कारण २०१८ पासून लागू असलेल्या वर्गीकरणात ५५ च्या आतल्या रुग्णाचा थायरॉईडचा पॅपिलरी कर्करोग दूरच्या अवयवात गेलेला नसेल तर तो पहिल्या टप्प्यातच धरतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे रक्तातलं कॅल्शियम उतरलं होतं, गोळ्यांनी सावरलं. आवाजाच्या नसेला धक्का लागला नाही. दहा आठवड्यांनी रेडिओ आयोडीन दिलं.

खोकला, आणि एक अवघड प्रश्न

मध्यंतरी खोकल्याचा उलगडा झाला. रक्तदाबाची गोळी रामिप्रिल होती. या गटातल्या औषधांनी काही जणांना असाच कोरडा, चिवट खोकला येतो. गोळी बदलली आणि तीन आठवड्यांत खोकला थांबला.

म्हणजे सुरुवातीलाच गोळीबद्दल विचारलं असतं तर छातीचा सीटी झालाच नसता. मग सीटीने या बाईंचा जीव वाचवला, असं म्हणायचं का? त्यांच्या घरचे तसं म्हणतात. मी म्हणू शकत नाही. तो नोड आज ना उद्या गळ्याला हाताला लागला असता, आणि त्यांच्या वयात तेव्हाही निकाल चांगलाच लागण्याची शक्यता मोठी होती. शस्त्रक्रिया लवकर झाली, आवाक्यात असताना झाली, एवढं खात्रीने म्हणता येतं.

हे इतकं तोलून लिहिण्याचं कारण दक्षिण कोरिया. तिथे १९९९ नंतर कर्करोग तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमासोबत थोडे जादा पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घ्यायची पद्धत पडली. २०११ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यूंची संख्या जागची हलली नाही. म्हणजे जे सापडत होते त्यांतले बहुतेक कर्करोग कोणाचाच जीव घेणार नव्हते. पण शस्त्रक्रिया खऱ्या होत्या: १५,००० हून अधिक लोकांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा ११ टक्क्यांना कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींचा बिघाड आणि २ टक्क्यांना स्वरतंतूचा लकवा झालेला आढळला. १९८५ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी दुसऱ्या कारणांनी मरण पावलेल्या १०१ जणांची थायरॉईड बारीक कापून पाहिली होती. त्यांतल्या एक-तृतीयांशाहून अधिक जणांत छोटा पॅपिलरी कर्करोग होता, जो त्यांना आयुष्यभर कळलाही नव्हता. जपानमधल्या कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून १ सेंटीमीटरपर्यंतच्या अशा कर्करोगांवर लगेच शस्त्रक्रिया न करता नुसती नजर ठेवायला सुरुवात केली. दहा वर्षांत त्यांतले ८ टक्के तीन मिमी किंवा जास्त वाढले आणि ४ टक्क्यांच्या आत नोडमध्ये दिसले.

हे आकडे माझ्या रुग्णाच्या विरोधात जात नाहीत. तिचा कर्करोग नोडमध्ये पोहोचलेला होता आणि तो काढायलाच हवा होता. पण तिच्याकडे बघून मी प्रत्येक सीटीतल्या प्रत्येक गाठीला सुई सांगू लागले, तर मी अनेकांचं नुकसान करीन. म्हणून मी आकाराचा नियम बदललेला नाही. त्याची पहिली अट आता प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे तपासते: आधी नोड, मग ग्रंथीची कड, आणि गाठीचा आकार सर्वांत शेवटी. डावीकडे रेघा असतील तर तसं लिहिते. आमच्या विभागात गळ्याचा किंवा छातीच्या वरच्या भागाचा प्रश्न असेल तर कॉन्ट्रास्टची सुई शक्यतो उजव्या हाताला लावतात.

आणि "शक्यता नाकारता येत नाही" हे वाक्य मी सोडलं. ते कोणत्याही गाठीबद्दल खरंच असतं, म्हणून एका गाठीबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यातून कळते ती फक्त लिहिणाऱ्याची धास्ती, आणि ती धास्ती रात्री एकट्याने रिपोर्ट वाचणाऱ्या माणसाच्या पदरात पडते.

एका वर्षाच्या तपासणीला त्या आल्या. थायरोग्लोब्युलिन मोजता येणार नाही इतकं खाली, सोनोग्राफीत गळा स्वच्छ. सोबत कार्यालयातल्या एका सहकाऱ्यांना घेऊन आल्या होत्या. वय ६१, पडल्यामुळे मानेचा सीटी झालेला, त्यात थायरॉईडची ९ मिमीची गाठ दिसलेली. रिपोर्ट दुसरीकडचा होता आणि त्यात तेच वाक्य होतं. त्यांना सुई हवी होती, आणि बाईंचाही आग्रह होता: "माझ्यासारखं व्हायला नको."

मी त्या गृहस्थांच्या प्रतिमा एक मिमीच्या कापांत दोन्ही बाजूंनी वर-खाली तीनदा पाहिल्या. नोड लांबट, मध्यात चरबी. ग्रंथीची कड अखंड. दोन्ही लोब स्वच्छ वाचता येत होते. मग बाईंच्या संमतीने त्यांची सातवी प्रतिमा शेजारी उघडली आणि शिरेला चिकटलेला तो उजळ गोल ठिपका दोघांना दाखवला. नंतर या गृहस्थांच्या गळ्यातली तीच जागा दाखवली. तिथे फक्त शीर होती. मी लिहिलं: "उजव्या लोबमध्ये ९ मिमीची गाठ. दोन्ही लोब पूर्ण दिसतात. संशयास्पद नोड नाहीत, ग्रंथीबाहेर शिरकाव नाही. या वयात या आकाराच्या गाठीसाठी पुढील तपासणीची गरज नाही."

त्यांनी ते दोनदा वाचलं, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला.